उलट्या चिठ्ठ्या

कुसुमने टेबलावरच्या बाराही मोज्यांच्या चिठ्ठ्या उलट्या केल्या आणि हाताखालच्या चंदाला सांगत टेबलाकडे पाठ फिरवली.

“चंदे, आता यांच्या जागा बदल. कुठला कुठं ठेवला ते सांगू नको.”

“अवो ताई, सकाळीच तर पाह्यले ना तुम्ही. चार नंबर खराब. साहेबांनी मुंबईला शेठला फोनबी केला. आता हा काय खेळ?”

“बदल म्हणते ना!”

हे मोजे पायात घालायचे नव्हेत. कारखान्यात सुताची बारा मशिनं होती. प्रत्येक मशीनच्या सुताचा वीतभर मोजा विणायचा, सगळे एकाच निळ्या रंगात बुडवायचे, वाळवायचे आणि ट्यूबलाइटखाली ओळीने मांडायचे. ज्याच्यावर रंग गडद चढला, त्या मशीनचं सूत बिघडलेलं. सिल्वासाच्या त्या कारखान्यात अठ्ठ्याऐंशी सालापासून, म्हणजे तीन वर्षं, हे बघायला कुसुमचे डोळे होते. धुळ्याकडून आलेल्या सातवी शिकलेल्या बाईच्या एका शब्दावर टनभर माल थांबायचा. तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा?

सुरतच्या व्यापाऱ्याने गडद पट्टे पडलेलं कापड परत पाठवलं होतं. सकाळी कुसुमने चार नंबरच्या मोज्यावर बोट ठेवलं आणि तासाभरात साहेबांनी चार नंबरवरच्या बारकूला कामावरून काढलं. बारकू मागे एकदा पाळीत डुलकी घेताना सापडला होता. तेव्हापासून काहीही बिघडलं की चार नंबर! एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. शिवाय परवाच कंपनीच्या चाळीत नळावर त्याने कुसुमला नाही नाही ते सुनावलं होतं. त्यामुळे सकाळी बोट ठेवताना तिला जरा बरंच वाटलं होतं. जेवायला बसल्यावर मात्र तेच बरं वाटणं तिच्या घशाखाली उतरेना.

“झालं,” चंदा म्हणाली.

कुसुम वळली. बराच वेळ निरखून तिने एक मोजा उचलला. चिठ्ठी पाहिली. नऊ. पुन्हा जागा बदलल्या. या वेळी दोन. तिसऱ्यांदा सहा. चंदाचं हसू मावळलं. तीन वर्षांत कुसुमने असे किती नंबर सांगितले होते!

ती साहेबांना बोलावून घेऊन आली. कौस्तुभ साहेब पुण्याचे इंजिनियर, वयाने तिच्याहून लहान, माणूस चांगला. मोजे बघायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

“साहेब, बारकूला थांबवा. मी चुकले. मला नाही समजत यातलं.”

“चुकलात कुठे, कुसुमबाई? मीही पाहिला की. उघड उघड गडद होता.”

“मग आता काढून दाखवा. चिठ्ठी न पाहता.”

साहेब हसले. चष्मा पुसून त्यांनी ओळीवरून दोनदा नजर फिरवली आणि एक मोजा ऐटीत उचलला. अकरा. “थांबा,” म्हणत दुसरा उचलला. सात. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

खिडकीतून गेट दिसत होतं. बारकू पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. शेजारी बायको, तिच्या कडेवर लेक गुड्डी. चाळीतली खोली आजच्या आज रिकामी करायची होती. अशा कारणाने निघालेल्या माणसाला सिल्वासापासून पार दादऱ्यापर्यंत कुठलाही कारखाना दारात उभं करत नसे.

“कापडाला पट्टे तर पडलेत ना?” साहेब हळूच म्हणाले. “शेठना काय सांगू? माहीत नाही म्हणून सांगू?”

“हो, साहेब.”

“मग इंजिनियर कशाला ठेवलाय त्यांनी?”

“मलाबी कशाला ठेवलंय? मला काढा. सांगा, बाईचे डोळे गेले. पण आधी त्याला थांबवा, टेम्पो येईल आता.”

साहेब खिडकीपाशी गेले. वापीचा टेम्पो आलाच. बारकूने पेटी वर चढवली, मग गुड्डीला. साहेबांनी खिडकीचा गज धरला होता. एक हाक पुरली असती. कुसुम त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. टेम्पो गेला.

साहेब मागे वळले. “चिठ्ठ्या सरळ करा,” म्हणाले.

चंदाने चिठ्ठ्या सरळ करून मोजे नंबराने मांडले. साहेब टेबलावर वाकले आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“बघा, चारच गडद आहे. स्पष्ट दिसतोय. उगाच घाबरवलंत मला.”

कुसुमने पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तिलाही चार नंबरचाच मोजा गडद दिसत होता.