मगातला हिरवा ब्रश

हिवाळ्याच्या सुट्टीआधी भाड्याचं घर आवरून कुलूप लावायचं काम चौघींतल्या धाकटीच्या गळ्यात पडलं. बाकीच्या तिघी मैत्रिणी सकाळीच गेल्या होत्या. परीक्षेसाठी सगळ्यांआधी परतायचंही तिलाच होतं. "चार दिवस एकटी राहशील?" असं आईने विचारलं, तेव्हा "न राहायला काय झालं?" म्हणून तिने उडवून लावलं होतं.

फ्रिज पुसून झाला, खिडक्या लावून झाल्या. बाथरूममधल्या मगात मात्र एक हिरवा ब्रश उरला होता. तिने थोरलीला फोन लावला.

"वेंधळे, ब्रश विसरलीस की गं!"

"माझा निळा, बॅगेत आहे. हिरवा तुझाच ना?"

उरलेल्या दोघीही तेच म्हणाल्या. सहा महिने प्रत्येकीला तो दुसरीचा वाटत होता.

धाकटीला गंमतच वाटली. तिने ब्रशवरून अंगठा फिरवला. तो ओला होता.

कचऱ्याच्या पिशवीत तो टाकून, पिशवी फाटकाबाहेर ठेवून ती परत आली, आणि नळ नीट बंद आहे ना, हे बघायला आत डोकावली.

हिरवा ब्रश मगात होता. शेजारी, तिने बॅगेच्या तळाशी भरलेला तिचा गुलाबी ब्रशही उभा होता. लहानपणी आई लावून ठेवायची, तशी दोन्हींवर पेस्ट लावलेली होती.