उलटं पान

रविवारी नांदेडला चित्रपत्त्यांच्या खेळाची, एका टेबलावर चौघं अशी स्पर्धा होती, आणि त्यासाठी लुंबिनीनं थोरल्या भावाचा, आदर्शचा, वर्षानुवर्षं जमवलेला पत्त्यांचा संग्रह फोडला. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. जिंकून काही तो परत येणार नव्हता. पण लातूरचं ते घर खायला उठायचं, म्हणून ती पानं निवडत बसली.

स्पर्धेत लागणारी कामाची शंभर पानं तिनं स्वतःकडे ठेवली. त्याच्या लाडक्या, पण डाव संथ करणाऱ्या पानांचे तीन गठ्ठे करून चटईवर तीन बाजूंना मांडले. त्या तिघांच्या वतीनंही तीच खेळणार होती; सरावाला दुसरं होतं तरी कोण?

आदर्शची एक खोड साऱ्यांना ठाऊक होती. आधी कुणाला बाद करायचं हे मनाशी ठरलं, की त्या कामाचं पान तो हातात उलटं धरायचा, चित्राचं खाली डोकं वर पाय.

लुंबिनीनं पिसून चौघांची पानं वाटली. समोरच्या रिकाम्या जागेला वाटलेल्या हातात एक पान उलटं निघालं.

तिनं एकूण एक पान सरळ लावलं आणि पुन्हा वाटलं. आता समोर एक उलटं होतं, आणि डावीकडेही एक.

"कुनी आलंय का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"न्हाई, एकटीच हाय."

तिसऱ्यांदा तिनं एकेक पान डोळ्यांसमोर धरून सरळ वाटलं. तरी तिन्ही हातांत एकेक उलटं होतं.

"लुंबे," आई आतून म्हणाली, "ते तिघं तुझंच नाव का घ्यायलेत गं?"