गुरुजींचा काढा

काढा पिऊन तासाभरात दादाचं अंग तापलं, पाय थडथड उडायला लागले. ताईने त्याला दवाखान्यात आणलं. मागोमाग काढा पाजणारे गुरुजीही आले.

"याच्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, हे मी यांना आधीच सांगितलं होतं," ताई डॉक्टरांना म्हणाली.

"काढ्यात काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रानातल्या वेली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मनातलं विष बाहेर पडतंय, म्हणून थरथरतोय. झाडपाल्याला कसले आलेत साइड इफेक्ट!"

"पहिला पेला हे स्वतः पितात हो," ताईला हुंदका आला, "म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो."

"म्हणजे तुम्हीही प्यायलात?" डॉक्टर गुरुजींकडे वळले. "मग झोपा या शेजारच्या खाटेवर. सिस्टर, पोट धुवायची नळी आणा."

नाकातून घालायची ती लांबलचक नळी बघून गुरुजी थेट दारापर्यंत मागे सरकले.

"अहो नको, नको! माझ्या पेल्यात नुसता कोरा चहा असतो. मला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. त्यावर हे असलं प्यायलो तर मरेन की मी!"