करड्या अक्षरांतला शेवट

"अरे, मला लिहू तरी दे!" लेक कॉम्प्युटरवर खेकसली.

तिने नुसतं 'फौजदार' टाइप केलं होतं. पुढे करड्या अक्षरांत 'खुर्चीत बसला' उमटलं. तिला तो उभा हवा होता. तिने खोडून पुन्हा लिहिलं. तो पुन्हा बसला.

दुपारचे दोन वाजले होते. बाबांच्या अकराव्या रहस्यकादंबरीची एकोणीस प्रकरणं प्रकाशकाकडे कधीच पोचली होती. विसावं लिहिण्याआधीच बाबा हॉस्पिटलात दाखल झाले, आणि दीड महिन्याने तिथूनच गेले. सकाळी प्रकाशकाचा निरोप आला होता, "पाचपर्यंत शेवट द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो." ते ऐकून मटार सोलणाऱ्या आईचा हात क्षणभर थांबला होता, इतकंच.

"कुणाशी भांडतेयस?" आई चहा घेऊन आली.

"ह्या आगाऊ यंत्राशी! मी तोंड उघडायच्या आत माझं वाक्य पुरं करतं. अगदी माझ्या सासूबाई!"

"मग ऐकावं कधीतरी," बोटांची पेरं चोळत आई म्हणाली. "दोघींचंही."

उरलेल्या मटारांचं पातेलं घेऊन आई तिथेच खुर्ची ओढून बसली. बाबा लिहायला बसले की ह्या खोलीचं दार बंद व्हायचं. आत जायची मुभा एकट्या आईला, तीही चहापुरती. एक कप चहा द्यायला दोन दोन तास कसे लागतात, हे कोडं लेकीला लहानपणी सुटलं नव्हतं.

वैतागून तिने यंत्राची सूचना मान्य केली. बसू दे मेल्याला. लगेच पुढची अक्षरं आली: 'आणि ओट्यावरच्या कपाकडे बघत राहिला.'

लेक ताठ झाली. ओट्यावरचा कप! तिसऱ्या प्रकरणात तो एकदाच, एका ओळीत आला होता. ती स्वतःसुद्धा विसरली होती.

"आई! हे शिकतं गं! आधी लिहिलेलं लक्षात ठेवतं. बाबांनी शेवट लिहून पुसला असणार, पण ह्याच्या पोटात तो राहिलाय!"

"असेल बाई."

मग लेकीच्या बोटांना पंख फुटले. ती एक शब्द टाकायची, यंत्र ओळ द्यायचं. चुकीचा शब्द पडला की ते गप्प. तिने दुसरा शब्द टाकला की पुन्हा सुरू. चहावर साय धरली. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी अडली. दहा शब्द टाकून झाले, यंत्र ढिम्म.

"'तरीही' टाकून बघ," मटारांतून मान वर न करता आई म्हणाली.

'तरीही,' आणि धबधबा सुटला.

"आई, संशयातली मोलकरीण सुटली! कप विसळून उताणा ठेवला होता म्हणे. रोज भांडी घासणारी बाई कप पालथा घालते. म्हणजे तो कप जन्मात कधी भांडी न घासलेल्या माणसाने विसळला. खून मेलेल्याच्या भावाने केला!" ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "पण आपल्या बाबांनी तरी कधी कप विसळला होता? त्यांना हे सुचलं कसं?"

"माझ्याकडे बघत असतील," आई म्हणाली.

पाचला दहा कमी असताना प्रकरण गेलं. थोड्याच वेळात प्रकाशकाचं उत्तर आलं. लेकीने ते मोठ्याने वाचलं: "अगदी साहेबांचा हात! दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं."

"पुन्हा वाच गं एकदा," आई म्हणाली. लेकीने पुन्हा वाचलं. मग आई मटारांचं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात फोन वाजला. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला होता.

"ताई, तो जुना भंगारात काढू का?"

"कुठला जुना?"

"साहेबांच्या खोलीतला. ते ॲडमिट झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवा बसवून दिला की. बाईंनीच घाई केली होती, काम अडलंय म्हणाल्या. आणि हो, त्यांना जरा विचाराल का? नव्या बटणांनी बोटं दुखायची थांबली ना त्यांची?"