आईचा पोळपाट

यंत्राचं पातं फिरू लागलं की कारखान्यात फणसाच्या लाकडाचा गोड वास सुटायचा, ते दिवस गेले. आज नखं जाळल्यासारखा वास येत होता. गजानन मेस्त्रींनी नाकाला रुमाल बांधला.

यंत्र पोळपाट कोरत होतं. त्याची हाडाची फळी शेजारी उभ्या असलेल्या हेमांगीच्या आईच्या पेशींपासून टाकीत वाढवलेली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं.

"आजीच्या हातची पोळी मुलांना मिळायला हवी," हेमांगी मघाशीच म्हणाली होती.

काहीतरी टणक लागलं आणि यंत्र आपोआप थांबलं. गाठ असेल म्हणून मेस्त्रींनी भुसा फुंकला. तो उडाला नाही. ओलसर होता, बोटांना चिकटला. त्याखाली, पोळपाटाच्या बरोबर मधोमध, एक दाढ होती.

मेस्त्री मागे सरकले. "ताई, पुरे झालं हे. या फळीला अग्नी देऊन मोकळ्या व्हा."

हेमांगीने वाकून दाढेवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले. "आईचीच आहे," ती म्हणाली आणि बोट ओढणीला पुसलं.

"घासून सपाट करा, मेस्त्री. नाहीतर पोळी फाटेल."