पाणी आलं

गाडीमागे जोडायचं नवंकोरं फिरतं घर घेऊन नवरा-बायको पहिल्याच सहलीला निघाले होते. पंप घुरघुरत होता, पण नळाला थेंब नव्हता. तरी नवऱ्याचा उत्साह उतू जात होता. तो घराखाली आडवा होऊन झडपा फिरवत बसला.

अचानक पाइप थरथरला.

"अगं, आलं का पाणी?"

"आलं, आलं!" आतून बायकोचा आनंदी आवाज आला. "चांगलं गरम आहे हो!"

तो हरखून बाहेर सरपटला. समोरच्या रस्त्याने बायको धापा टाकत येत होती.

"मिळाली एकदाची नळी!" ती हसली. "आता भरा ती रिकामी टाकी."

खिडकीची काच वाफेने धुरकटली होती.

"अहो," तिच्याच आवाजात आतून हाक आली, "बाहेर कुणाशी बोलताय?"