बारावी गाडी

यावलच्या यात्रेत पाळण्यासमोर मोठी रांग होती. गल्लीतली बारा पोरं कंटाळून भांडायला लागली, तेव्हा त्यांना घेऊन आलेल्या बेबाअक्कानं त्यातल्या भटूच्या कमरेला टॉवेल बांधून त्याला भगत केलं. बाकीच्यांनी एकमेकांचे सदरे मागून धरले आणि यात्रेत देवाचा भगत एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या ओढतो, तशा या बारागाड्या रांगेभोवती पळायला लागल्या.

"अक्का, गाड्या अकराच हायेत," भटू कुरकुरला.

"वढ तू. कोण मोजते?"

तेवढ्यात पाळणेवाल्यानं हाक दिली, "चला, तुमचा नंबर आला."

"बारागाड्या मधी थांबवत नसतात," भटू पळता पळताच म्हणाला.

पाळणेवाला पाळणा थांबवून तरातरा आला. आता पोरं बोलणी खाणार, असं अक्काला वाटलं.



त्यानं शेवटच्या पोराचा सदरा धरला. "दरसाल बारागाड्या निघतात तवा मी पाळण्यावरच अडकलेला असतो. चल भगत, बारावी आली."